माळ्यावरच्या प्लेस्टेशनवर ‘सायलेंट हिल’ पुन्हा जमवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुदामा नगरच्या घरात माळा आवरताना करड्या रंगाचं जुनं प्लेस्टेशन सापडलं. सोबत एक कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि मार्करने नुसतं ‘हॉरर’ लिहिलेली डिस्क. चुलत भावंडं लहानपणी रात्री दिवे मालवून जो गेम खेळायची तो हाच असावा, पण नाव कुणालाच आठवत नाही. गावभर धुकं, खिशातला रेडिओ खरखरला की काहीतरी जवळ आलेलं असायचं, आणि पुढे एक शाळा, एवढंच लक्षात आहे. गणपतीत पुण्या-मुंबईची भावंडं घरी येणार आहेत. एलईडी टीव्हीला जोडून पाहिलं तर चित्र काळं-पांढरं आणि पुसट दिसतं, बटण दाबल्यावर माणूस किंचित उशिरा हलतो, आणि सुरुवातीच्या व्हिडिओतच सगळं अडकतं. जेवढं चाललं त्यात भीती अशी वाटलीच नाही. काय करावं?

गेम ‘सायलेंट हिल’च आहे, १९९९ सालचा, कोनामीचा. धुकं, रेडिओ आणि शाळा हे तिन्ही एकत्र असलेला त्या यंत्रावरचा दुसरा गेम नाही. भीती का वाटली नाही याचं उत्तर तुमच्या बाकीच्या तक्रारींमध्येच आहे. हा गेम प्लेस्टेशनच्या तोकड्या ताकदीला धरून बांधलेला आहे आणि तो पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर पाहिला जाईल असं गृहीत धरलेलं आहे. एलईडीने त्यातला निम्मा भाग खाल्ला, डिस्क वाचणाऱ्या दमलेल्या लेन्सने उरलेला. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे. गणपतीला तीन-चार आठवडे असतील तर निवांत होईल.

सगळ्यात आधी यंत्र उलटं करून खालचं लेबल वाचा. एससीपीएच या अक्षरांपुढे आकडा असतो, त्यातला शेवटचा अंक महत्त्वाचा. शेवटी २ असेल तर यंत्र युरोपचं, टीव्ही-चित्राच्या पाल पद्धतीचं, आणि आपल्या २३० व्होल्टवर चालणारं. शेवटी १ असेल तर ते अमेरिकेचं, ० असेल तर जपानचं. ही यंत्रं ११० व्होल्टच्या आसपासच्या विजेसाठी आहेत आणि आपल्या सॉकेटमध्ये थेट लावली तर पॉवर सप्लाय जातो. तुमचं चालू झालं आणि शाबूत आहे, तेव्हा ते बहुधा २वालंच आहे. तरीही लेबलवर व्होल्टेज छापलेलं असतं, तेही वाचून घ्या. सोबतचा कन्व्हर्टर माळ्यावरच राहून गेला आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी वायर थेट भिंतीत खुपसली, असे प्रकार घडतात.

आता अडकण्याबद्दल. सुरुवातीचा व्हिडिओ हीच या यंत्राची सगळ्यात कठीण परीक्षा. खेळ चालू असताना डिस्क मधूनमधून वाचली जाते आणि एखादा तुकडा चुकला तर यंत्र पुन्हा प्रयत्न करू शकतं. व्हिडिओत मात्र सेकंदाला ३०० केबी अखंड यावे लागतात, तिथे थांबायला वाव नसतो. म्हणून लेन्स दमली की ती पहिल्यांदा व्हिडिओतच उघडी पडते.

दोष डिस्कचा की लेन्सचा हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. डिस्क न घालता यंत्र चालू करा. मेमरी कार्ड आणि सीडी प्लेअरचा मेनू येईल. आता घरातली विकत आणलेली, कंपनीची छापील गाण्यांची सीडी घाला आणि पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं वाजवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचं गाणं म्हणजे लेन्स सगळ्यात बाहेर सरकलेली. पहिलं गाणं नीट आणि शेवटचं तुटक वाजत असेल तर लेन्स ज्या रुळांवर सरकते तिथे कचरा किंवा वाळलेलं ग्रीस आहे. सगळीच गाणी तुटक वाजत असतील तर लेन्स मळलेली किंवा थकलेली आहे. सगळी नीट वाजली तरी लगेच निश्चिंत होऊ नका, कारण गाणी एकपट वेगाने वाचली जातात आणि गेम दुप्पट वेगाने. गाणी छान पण गेम अडकतो, ही लेन्स दमू लागल्याची पहिली पायरी.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मार्करने नाव लिहिलेली डिस्क म्हणजे राइट केलेली सीडी, आणि तशी सीडी चालते म्हणजे यंत्रात अशा सीडी चालू देणारी चिप बसवलेली आहे. राइट केलेल्या सीडीवरून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परततो आणि तिच्यातला रंगद्रव्याचा थर वर्षानुवर्षांनी फिका होतो. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी तिचं काही भलं केलेलं नाही. म्हणून लेन्सवर पैसे घालण्याआधी एखादी अस्सल छापील गेम डिस्क कुणाकडून तरी मिळवा आणि लावून बघा. जुन्या अस्सल डिस्कची खालची बाजू काळी असते. ती पाहून घाबरू नका. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा असतो आणि त्याला ते काळं प्लॅस्टिक आरपार पारदर्शक आहे. अस्सल ‘सायलेंट हिल’ विकत मिळत असेल तर घ्याच. ती डिस्क पुढच्या पिढीला देता येईल, ही राइट केलेली फार दिवस टिकणार नाही.

लेन्स पुसायला यंत्र उघडावं लागत नाही. झाकण वर केलं की ती समोर दिसते. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, जेल रोडला सहज मिळेल. इअरबडला एक थेंब लावा, इअरबड ओला पण टपकता नको, आणि मधून बाहेर गोल गोल, अगदी हलक्या हाताने दोनदा फिरवा. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, दाब दिला तर कायमची वाकते. पाच मिनिटं वाळू द्या. नेलपॉलिश काढायचं द्रव चुकूनही नको, त्यातल्या ॲसिटोनने प्लॅस्टिकची लेन्स पांढरी पडते. सेंट, डेटॉल, चष्मा पुसायचा शर्टाचा कोपरा, हेही नको.

रुळांसाठी मात्र खालचे स्क्रू काढून यंत्र उघडावं लागतं. आधी वायर भिंतीतून काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या पॉवर सप्लायच्या पाटीवर मोठा कपॅसिटर असतो. त्या पाटीला हात लावू नका. जुनं ग्रीस काळपट, चिकट झालेलं दिसेल. ते अल्कोहोलने पूर्ण काढा आणि प्लॅस्टिकला चालणारं पांढरं किंवा सिलिकॉन ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं, दोन्ही रुळांवर मिळून, लावा. जास्त लावलं तर धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल पसरत जाऊन लेन्सवर चढतं आणि खोबरेल तेल थंडीत गोठतं, ही दोन्ही नकोत.

काही जण हे यंत्र उलटं किंवा कडेवर उभं करून खेळायचे. भावंडांपैकी कुणाला हे नक्की आठवेल. त्यामागे खरं कारण होतं. सुरुवातीच्या मॉडेलांत लेन्सचा सांगाडा पॉवर सप्लायच्या शेजारीच होता. उष्णतेने आणि घासण्याने त्याचं प्लॅस्टिक झिजायचं, लेन्स किंचित कलायची आणि डिस्कवरचा नेम चुकायचा. यंत्र उलटं केलं की वजनाने तो कल दुसऱ्या बाजूला जायचा आणि काही दिवस काम भागायचं. ५५०० मालिकेपासून लेन्स पॉवर सप्लायपासून दूर हलवली गेली. तुमचं यंत्र ५५०२, ७५०२ किंवा ९००२ असेल तर हा त्रास फारसा नसावा. १००२ असेल आणि उलटं ठेवल्यावरच नीट चालत असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका, लेन्स बदला.

बदलायची लेन्स केएसएम-४४० या कुळातली असते, पण त्यात पुढची अक्षरं वेगवेगळी असतात. जुनीवर छापलेली अक्षरं वाचून तीच मागवा. नवी लेन्स बसवल्यावर काहीच वाचत नाही, ही तक्रार वारंवार येते आणि दहापैकी बऱ्याच वेळा लेन्स चांगली असते. स्थिर विजेपासून वाचवण्यासाठी नव्या लेन्सच्या छोट्या पाटीवर कारखान्यातच सोल्डरचा एक थेंब टाकून दोन टोकं जोडलेली असतात. लेन्सची वायरची पट्टी बसवून झाल्यावर तो थेंब बारीक सोल्डरिंग आयर्नने उचलून घ्यायचा असतो. तो राहिला की लेसर पेटतच नाही. आणि लेन्सजवळचा चिमुकला पॉट (लेसरची ताकद ठरवणारा स्क्रू) फिरवून ‘पॉवर वाढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. चार दिवस छान चालेल, पाचव्या दिवशी लेसर कायमचा जाईल, आणि तो पाचवा दिवस गणपतीतलाच असेल.

रंग नाहीत याचं कारण वेगळं आहे. चित्र काळं-पांढरं आहे म्हणजे यंत्र पालचं आणि डिस्क एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीची, बहुधा अमेरिकेची. चिप डिस्कची अडचण सोडवते पण रंगाचा सिग्नल दुरुस्त करत नाही. यंत्र ६० हर्ट्झचं चित्र पाठवतं, रंगाची लहर मात्र ना धड पालची ना धड एनटीएससीची, म्हणून टीव्ही ती टाकून देतो. सोपा उपाय म्हणजे युरोपची पाल डिस्क. रंग लगेच येतील, जुन्या भारतीय टीव्हीवरही. त्यात दोन गोष्टी बदलतात. पाल सेकंदाला ५० चित्रं दाखवतं, त्यामुळे त्या काळचे बरेच पाल गेम ६० हर्ट्झच्या मूळ गेमपेक्षा संथ चालतात. आणि युरोपच्या आवृत्तीत शाळेतले लहान मुलांसारखे दिसणारे राक्षस काढून त्या जागी वेगळे बुटके प्राणी घातलेले आहेत. तुमच्या आठवणीत सुरी घेतलेली करडी मुलं असतील तर तुम्ही लहानपणी अमेरिकेची आवृत्ती खेळलात आणि हीच डिस्क ती आहे. मग पाल डिस्कने रंग मिळतील, आठवण नाही मिळणार. अशा वेळी यंत्रात रंगाची लहर दुरुस्त करणारा छोटा ऑसिलेटर बसवून घेणं हा खरा इलाज. सोल्डरिंगचा सराव असलेला कारागीर ते करतो. टीव्हीलाही एनटीएससी समजायला हवं. नंतरच्या वर्षांतल्या रंगीत टीव्हींच्या मेनूत ‘कलर सिस्टिम – ऑटो’ असा पर्याय असतो, तो शोधा.

आता टीव्ही. प्लेस्टेशन बहुतेक गेममध्ये २४० ओळींचं साधं चित्र पाठवतं. ट्यूबच्या टीव्हीला ते कळतं. तो ओळी थेट रंगवतो आणि मधल्या ओळी काळ्या राहतात. बऱ्याचशा एलईडी टीव्हींना वाटतं की हे ४८० ओळींचं, एकाआड एक येणारं चित्र आहे. मग ते दोन चित्रं एकत्र विणायला बसतात आणि त्यात पुसटपणा येतो, बारीक वस्तू लुकलुकतात आणि वेळही जातो. तुम्हाला बटणानंतर जाणवलेला उशीर हाच. साध्या स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबीनेही तेच होतं, उलट आणखी एक थांबा वाढतो. २४० ओळी खऱ्या अर्थाने ओळखणारे कन्व्हर्टर वेगळे असतात आणि महाग असतात; रेट्रोटिंक हे त्यातलं माहितीतलं नाव.

माझा आग्रह ट्यूबच्या टीव्हीचाच आहे. २१ इंची पुरे. इंदूरला तो अजून मिळतो: नात्यातल्या कुणाच्या गच्चीवरच्या खोलीत, नाहीतर कबाड्याकडे. सकाळच्या कचरागाडीत ई-कचरा म्हणून तो जाण्याआधी ओळखीत एकदा विचारून ठेवा. घेताना मागे किंवा पुढे पिवळी-पांढरी एव्ही इनपुट आहेत का ते पाहा. नसतील आणि फक्त अँटेनाची पिन असेल तर जुना व्हीसीआर मध्ये घालता येतो: प्लेस्टेशन व्हीसीआरच्या एव्ही इनमध्ये, व्हीसीआरची अँटेना आउट टीव्हीत, आणि टीव्हीवर तो चॅनल शोधायचा. उचलताना काच छातीकडे ठेवा, सगळं वजन पुढे असतं.

पावसाळ्यात माळ्यावरून उतरवलेला ट्यूब टीव्ही त्याच दिवशी चालू करू नका. दोन दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवा. चालू केल्यावर मागून ‘स्स्स’ असा आवाज किंवा पावसाआधीच्या विजेसारखा वास आला तर लगेच बंद करा. ओलाव्यातून उच्च दाबाची वीज गळते आहे. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसली तर व्हर्टिकलचा भाग गेला आहे आणि तो दुरुस्त होतो. कडेला हिरवा-जांभळा डाग असेल तर जवळ लोहचुंबक आहे, बहुतेक वेळा वेगळा ठेवलेला स्पीकर. तो लांब करा आणि टीव्ही पूर्ण बंद करून अर्ध्या तासाने लावा. मागचं झाकण स्वतः मुळीच उघडू नका. ट्यूबच्या बाजूच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वायर काढून ठेवल्यावरही तो बराच काळ टिकू शकतो. ट्यूबचं काम केलेले जुने टीव्ही मेकॅनिक अजून आहेत, त्यांना घरी बोलवा. बहुतेकदा सुटलेलं सोल्डर आणि सुकलेले कपॅसिटर एवढाच मामला निघतो.

टीव्हीचं सेटिंग खेळाच्या खोलीतच, दिवे जसे राहणार तसे ठेवून करा. शार्पनेस सगळ्यात खाली. ब्राइटनेस वाढवत न्या. काळ्या भागात राखाडी झाक दिसायला लागली की तिथून किंचित मागे या. मग गेमच्या ऑप्शन्समध्येही ब्राइटनेस आहे, त्याला हात लावू नका. भावंडांपैकी कुणीतरी ‘काही दिसत नाही’ म्हणेल. दिसू नये हेच हवं आहे.

कारण गेमचा सगळा डाव तिथे आहे. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी. ‘सायलेंट हिल’च्या आधी, १९९६ला आलेल्या ‘रेझिडेंट ईव्हिल’ने यावर तोडगा काढला तो आधीच रंगवून ठेवलेल्या चित्रांचा: वाडा म्हणजे स्थिर चित्रं, त्यावर फक्त माणसं आणि भुतं हलणारी. खोली बदलताना काळ्या पडद्यावर दार हळूच उघडायचं, तेवढ्या वेळात डिस्कवरून पुढची खोली मेमरीत यायची. ३०० केबीच्या वेगाने २ एमबी पूर्ण भरायला सुमारे सात सेकंद लागतात, त्यामुळे थांबणं टळणारं नव्हतंच. त्यांनी त्या थांबण्याला दार लावलं. ‘सायलेंट हिल’च्या मंडळींना मात्र अख्खं गाव उभं करायचं होतं, फिरता कॅमेरा हवा होता, म्हणजे स्थिर चित्रं चालणार नव्हती. लांबचे रस्ते काढायची यंत्राची ताकद नव्हती. म्हणून चार पावलांपुढे धुकं, आणि रात्र झाली की टॉर्चच्या गोलापुढे काळोख. अडचण लपवायला आणलेलं धुकंच गेमचं मुख्य पात्र झालं.

मग प्रश्न आला की जे दिसत नाही त्याची चाहूल कशी द्यायची. त्याला उत्तर तो रेडिओ. राक्षस जवळ आला की खरखर सुरू होते, पण कुठल्या दिशेने आला ते रेडिओ सांगत नाही. मेनूत रेडिओ बंद करता येतो. तो बंद करणाऱ्या हुशार भावंडाला आवरा. संगीतकार अकिरा यामाओका यांनी पार्श्वसंगीतात लोखंड घासल्यासारखे, यंत्र फिरल्यासारखे आवाज वापरले आहेत. त्यामुळे बऱ्याचदा कळतच नाही की हा आवाज संगीतातला आहे, गावातला आहे की रेडिओचा.

म्हणूनच आवाजाची एक बारीक चूक टाळा. २१ इंची टीव्हीला बहुतेकदा एकच पांढरी ऑडिओ पिन असते. नुसती पांढरी वायर जोडली आणि गेम स्टिरिओवर राहिला तर उजव्या कानाचे आवाज हरवतात. ऑप्शन्समध्ये जाऊन साउंड मोनो करा. किंवा पांढरी-लाल दोन्ही घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमच्या ऑक्समध्ये घाला, स्पीकर टीव्हीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा आणि गेम स्टिरिओवरच राहू द्या. दुसरा पर्याय जास्त चांगला.

कंट्रोलर दोन दांड्यांचा, कंप पावणारा असेल तर व्हायब्रेशन चालू आहे ना ते पाहा. पडद्यावर जीव किती उरला हे दाखवणारी पट्टी या गेममध्ये नाही. मार लागून गेमचा नायक हॅरी कमजोर झाला की ठोके हातात जाणवतात. स्वस्तातल्या नकली कंट्रोलरची मोटर एकाच जोराने घरघरते, त्यात हे ठोके हरवतात. बटणं अडत असतील तर कंट्रोलर उघडून आतले काळे रबरी ठिपके आणि पाटीवरचे संपर्क अल्कोहोलने पुसा, बहुधा तेवढ्याने भागतं.

नव्या मुलांना चालवायची पद्धत विचित्र वाटेल. वरचं बटण म्हणजे पडद्यावर वर नाही, हॅरीच्या तोंडासमोर पुढे. कॅमेरा अचानक बदलला तरी हॅरी सरळच चालत राहतो, त्यासाठी ही रचना आहे. दहा मिनिटं बोळातून नुसतं फिरवून बघायला द्या, सवय होते. त्या पहिल्या बोळात काय होतं ते मात्र कुणीही आधी सांगू नये.

मेमरी कार्डवर १५ ब्लॉक असतात, एकूण १२८ केबी. मेनूत जाऊन कार्ड दिसतं का ते आधीच बघा. कार्डात बॅटरी नसते, फ्लॅश मेमरी असते, तेव्हा त्या काळचे सेव्ह अजून जिवंत असण्याची खरीखुरी शक्यता आहे. असतील तर काही पुसू नका. गणपतीत सगळ्यांसमोर उघडा. सेव्ह होत असताना कार्ड हलवायचं नाही. वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर टीव्ही आणि प्लेस्टेशन दोन्ही सहज ओढतो, पण तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्यूबवर पट्टे हलताना दिसतील आणि स्पीकर गुणगुणेल. नुकसान नाही, गंमत मात्र जाते.

खेळायला तीन रात्री ठेवा. पहिल्यांदा खेळणाऱ्याला साधारण सहा ते आठ तास लागतात. पहिल्या रात्री कॅफे, धुक्यातले रस्ते आणि शाळा. दुसऱ्या रात्री हॉस्पिटल. उरलेलं तिसऱ्या रात्री. कंट्रोलरची पाळी सेव्हच्या वहीपाशी बदला. मेल्यावर बदलली तर प्रत्येक जण मरायच्या भीतीने घाई करतो. डिफिकल्टी नॉर्मल. रस्त्यावर गोळ्या उधळू नका, कुत्र्यांपासून पळता येतं; गोळ्या आतल्या बंद खोल्यांसाठी लागतात. टॉर्च बंद ठेवली तर राक्षसांचं लक्ष कमी जातं, हेही एकदा करून बघा.

शाळेत एक पियानो लागेल आणि भिंतीवर पक्ष्यांची इंग्रजी कविता. तिथे लहानपणी बहुतेक सगळे अडकले, कारण कविता कळायचं वय नव्हतं. आता एकाने ती सावकाश मोठ्याने वाचावी आणि ज्याला पेटी येते त्याने कंट्रोलर घ्यावा. कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाजत नाहीत ते आधी ऐकून घ्यायचं, मग कवितेतल्या पक्ष्यांच्या क्रमाने त्याच दाबायच्या. याहून जास्त सांगत नाही. हॉस्पिटलमध्ये मात्र एक गोष्ट सुटली तर परत मिळत नाही: स्वयंपाकघरातली रिकामी प्लॅस्टिकची बाटली उचला आणि डायरेक्टरच्या खोलीत जमिनीवर सांडलेलं लाल द्रव तिच्यात भरून घ्या. शेवट पाच आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या शेवटाचा रस्ता त्या बाटलीतून जातो.

ट्यूब टीव्ही नाहीच मिळाला तर लॅपटॉपवर डकस्टेशन हे इम्युलेटर, म्हणजे प्लेस्टेशनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, चालतं. त्याला लागणारं बायोस (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) आणि गेम तुमच्याच यंत्राचं, तुमच्याच डिस्कचं घ्या. लोक तिथे एक चूक हमखास करतात, सगळं ‘सुधारून’ टाकतात. रेझोल्यूशन वाढवलं की धुक्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते आणि राक्षस पुठ्ठ्याचे होतात. इंटर्नल रेझोल्यूशन एकपट ठेवा. भिंतींचं थरथरणं बंद करणारा पीजीएक्सपी नको. ट्रू कलर नको, मूळ ठिपक्यांची झाक असू द्या. वाइडस्क्रीन नको, चित्र ४:३. सीडी वाचायचा वेग वाढवू नका, दारांपाशी थांबायला लागू दे. वरून सीआरटीचा, म्हणजे ट्यूब टीव्हीसारखं चित्र दाखवणारा, एखादा हलका शेडर लावा, टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि कंट्रोलर वायरचा घ्या.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना झोपवून मगच सुरू करा. अमेरिकेत या गेमला १७ वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं आणि शाळेचा भाग पाहता ते योग्यच आहे. आपण तेव्हा कितव्या वर्षी खेळलो हा मुद्दा इथे लागू नाही.

रात्री निवडताना अनंत चतुर्दशी सोडा. राजवाडा, जेल रोड या बाजूला पहाटेपर्यंत झांक्या (सजवलेले चित्ररथ) आणि आखाडे चालतात, घरातली निम्मी मंडळी तिकडे जातील आणि उरलेल्यांना ढोलाच्या आवाजात रेडिओची खरखर ऐकू येणार नाही. गणपती बसल्यानंतरची दुसरी-तिसरी रात्र बरी, आरती आणि जेवणं उरकल्यावर. यंत्र पंधरा मिनिटं आधी चालू करून मेनूवर ठेवा म्हणजे आतला ओलावा जाईल. रोज खेळून झाल्यावर डिस्क बाहेर काढा, आणि पावसाळा संपेपर्यंत यंत्र सिलिका जेलच्या चार पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माळ्यावर परत नको.